पाळकसाहेबांची बैठक

"आधी मला ऐकू द्या," असं म्हणून आमचे पाळकसाहेब चष्मा काढून ठेवायचे. समोरचा माणूस धूसर दिसला की नीट ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं.

मुरुम गावातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत दर गुरुवारी दुपारी ते लोकांची दुःखं ऐकायला बसत. बाई आली की मला बोलावणं यायचं. परक्या बाईबरोबर ते एकटे बसत नसत. मी निवृत्त नर्स. कोपऱ्यात मुकाट बसायची.

बैठकीची त्यांची रीत ठरलेली. आधी ऐकणं, मग एखादाच प्रश्न, पवित्र शास्त्रातल्या चार ओळी, छोटी प्रार्थना. आणि जाताना पुढच्या गुरुवारपर्यंत करायचं एक लहानसं काम. एकजण बायकोशी बिनसलं म्हणून आला आणि भावानं शेताचा बांध कोरल्याच्या गाऱ्हाण्यावरच घसरला. "बांधाचं तलाठ्याला सांगा," साहेब म्हणाले, "इथं बायकोचं बोला." काम दिलं, तिच्या हातचं जेवताना मोबाईल बघायचा नाही. पुढच्या वेळी तो बायकोला घेऊनच आला.

मग सुमनबाई आली. शेजारच्या खेड्यातली, मंडळीतलीच. तिचा तरणा मुलगा पुण्याला कामाला गेला आणि त्याचा फोन बंद झाला तो झालाच. पोलिसांनाही माग लागला नाही. साहेबांनी ऐकलं, स्तोत्र वाचलं, काम दिलं: दोन्ही वेळा जेवायचं. ती जेवली. पुढचं काम, शेजारणीकडं जाऊन बसायचं. बसली. सांगितलेलं सगळं करून ती पुन्हा समोर हजर.

एका गुरुवारी म्हणाली, "पास्टर, तुमी सांगितलं ते समदं केलं. आता माझं एक काम करा. पोरगं जितं हाय का न्हाय, तेवढं देवाला विचारा."

साहेबांनी शास्त्र उघडलं, पानं चाळली, मिटलं. प्रार्थना सुरू केली आणि 'हे प्रभू'च्या पुढं शब्दच सापडेना. शेवटी म्हणाले, "रोज विचारतो, बाई. मला काय बी कळंना."

 ती हळूच म्हणाली, "असू द्या. तुमी जेवलाव का?"

त्यानंतरही ती येत राहिली. रीत मोडलीच होती. दोघं नुसते बसायचे, आणि कोपऱ्यात मी.

हिवाळ्यात साहेबांच्या छातीत कळ आली. उमरग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माती देऊन लोक पांगले, तेव्हा सुमनबाई दफनभूमीच्या फाटकाशी उभी होती.

"आता कुणाला विचारू, सिस्टर?"

दवाखान्यात जन्म गेला माझा, कितीजणांच्या नातेवाइकांना समजावलं. पण त्या दिवशी मी नुसता तिचा हात धरला. तिच्या गावची बस आली, थोडी थांबली आणि गेली. आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो.