व्याह्यांची परवानगीची वही

सोलापूरच्या उन्हात सदऱ्याचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावून बसणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. स्वतःचं काही कुणाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. औषधाच्या दुकानात फोन नंबर विचारला तर म्हणाले, "खोकला माझा हाय. तुमाला फोनवर ऐकायचाय का?" घरी पंगतीला बसले की आणखी एक भाकरी हवी की नको, हेही सुनेला अंदाजानंच ओळखावं लागतं.

मी वैरागच्या बाजारात सायकलवर लुगडी विकून शुक्रवार पेठेत दुकान थाटलं. बिलावर गिऱ्हाईकाचा नंबर लिहून घ्यायचा आणि दिवाळीला सगळ्यांना सवलतीचा मेसेज धाडायचा, ही माझी खरी मिळकत. मागल्या वर्षी मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "शेठ, नवा कायदा आलाय. परवानगीशिवाय जाहिरात पाठवता येणार नाही." मी भडकलो. नंबर लोकांनी स्वतःच्या तोंडानं दिलेत की!

व्याही तिथंच बसले होते. शांतपणे म्हणाले, "बिलापुरता दिला की, पाव्हणं. पाणी प्यायला तांब्या दिला, तर पाव्हणा तो घरी नेतो व्हय?"

मुलीच्या सासऱ्यावर आवाज चढवू नये, हे मला कळतं. तरी चढवला. "दुकान माझं आहे का तुमचं?"

दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ पहिल्या एसटीनं वळसंगहून वही घेऊन हजर! दाराशी बसून येईल त्या बाईला विचारायचा, "नवा माल आला की कळवू का? नको तर नको म्हणा, राग न्हाय." एक बाई भिडेखातर हो म्हणाली, तर यांनी पुन्हा विचारलं, "मनापासनं?" ती हसून नको म्हणाली. अक्कलकोटकडच्या एकीनं "बेडा", म्हणजे नको, म्हटलं, तर तिला कानडीतच शाबासकी दिली! वीस वर्षांची माझी यादी डोळ्यांदेखत वितळत होती.

दिवाळीत वहीतल्या मोजक्याच बायकांना मेसेज गेला. खोटं कशाला बोलू, धंदा कमीच झाला, आणि तो राग अजून आहे. पण ज्या आल्या, त्या "तुम्ही बोलावलंत म्हणून आलो" म्हणाल्या. हे वाक्य मी दुकानात कधी ऐकलं नव्हतं.

यंदा गुडघ्यांनी व्याह्यांना घरी बसवलंय. वही घेऊन मीच दाराशी बसतो. 'नको' ऐकलं की तिथून घासाघीस सुरू करणारा मी, आता मुकाट्यानं पुढच्या बाईकडं वळतो. दुपारी दुकान रिकामं असतं, तेव्हा कडकडून भांडावंसं वाटतं. पण समोर कुणी नसतं.