पुजलेला कार्बोरेटर

युद्ध संपल्यावर लष्कराचं मोडीत काढलेलं सामान साताऱ्याच्या बाजारात आलं. माझ्या भाड्याच्या मोटारीचा कार्बोरेटर फुटलेला, म्हणून त्यातला एक उचलून आणला. तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. पण हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजायचं एवढंच तर त्याचं काम. रहिमतपूरला घरी तो उघडून धुतला, अंगणात पाटावर वाळत ठेवला आणि वाळल्यावर दिवेलागणीला घाईघाईत बसवला. गाडी पळायची झकास, पण पेडलवरचा पाय काढला की गचके खाऊन बंद. हवेचा स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला, काही फरक नाही.

त्यातच बायकोला कळा सुरू झाल्या. आमचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. सुईणीनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"पोर आडवं हाय. साताऱ्याला न्या."

गावात दुसरी मोटार नव्हती. बायकोचं डोकं मांडीवर घेऊन आई मागं बसली आणि मी निघालो. पेडल सोडायची चोरी. वाटेत उसाची बैलगाडी आडवी आली, ब्रेक लावला, इंजिन बंद. हँडल मारून मारून उठवलं. पुढं ओढ्याच्या उतारावर पुन्हा बंद पडलं, ते हँडल मारूनही उठेना. मागं बायको कण्हत होती. भीतीनं माझं डोकं फिरलं होतं. जरा गप बस की, असं अगदी ओठांवर आलं.

कार्बोरेटरचं झाकण काढलं. आत पेट्रोलच्या भांड्याच्या तळाशी पिवळा-तांबडा गाळ. बोटावर घेतला, तर हळद-कुंकू.

"आये, ह्ये काय?"

"मी वाह्यलं. तूच पाटावर मांडलंवतंस की. मला वाटलं पुजायलाच ठेवलंय. तोंडाला लावलं, पोटातबी घातलं."

असा संताप आला की काय बोलून बसलो असतो कोण जाणे, पण बायकोचं डोकं तिच्या मांडीवर होतं. आतला पेट्रोलची धार सोडणारा पितळी जेट काढला. त्याचं भोक सुईच्या नेढ्याएवढं, तेच बुजलेलं. हा धुळीत पडला तर सगळं संपलं, एवढंच डोक्यात. तोंडात धरून फुंकला, भांडं पेट्रोलनं धुतलं, सगळं बसवलं, हँडल मारलं. इंजिन लागलं आणि पाय न लावता संथ चालत राहिलं.

आणि मागचा आवाज थांबला होता. मघाशी ज्या कण्हण्याचा राग येत होता, ते ऐकू यावं म्हणून जीव कानात आला. वळून बघायची छाती होईना.

"बोलती का गं ती?"

"तू चल," आई म्हणाली.

दवाखान्यात तिला उचलून आत नेलं. मी बाहेर मोटारीपाशी. इंजिन तसंच चालू ठेवलं. ते बंद केलं तर आतही काहीतरी बंद पडेल, असं मनानं घेतलं होतं. वेडेपणाच, पण त्या घडीला मला तो तसा वाटत नव्हता. आत जाऊन विचारायचंही धाडस नव्हतं.

बऱ्याच वेळानं आई दारात आली.

"ते इंजान बंद कर की रं. पोरगी आत्ता कुठं निजलीया."

"आन ती?"

"तिनंच सांगाय धाडलंय."

मी हात पुढं केला, पण बंद करवेना. शेवटी आईनंच विचारलं कुठं दाबायचं ते, आणि तिनं बंद केलं.