ऑपरेशननंतरची तिसरी दुपार

माझ्या मनगटाला प्लास्टर घालत असतानाच मला ह्यांच्या आजाराचं नाव कळलं. डिलिरियम. मनगट ह्यांनीच मोडलं होतं, अर्ध्या तासापूर्वी.

"म्हणजे अचानक होणारा भ्रम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे वेड नाही आणि स्मृतिभ्रंशही नाही. म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर होतो कधी कधी. सोडियम उतरलंय, लघवीत इन्फेक्शन आहे. ते बरं झालं की हाही जाईल."

हे म्हणजे माझे यजमान, रणगाडा दलातले निवृत्त कर्नल. वय अठ्ठ्याहत्तर. एकाहत्तरच्या युद्धात ह्यांच्या रणगाड्यावर गोळा बसून आग लागली. बाहेर पडलेले असूनही हे दोनदा आत शिरले आणि दोघांना ओढून काढलं. त्यासाठी वीरचक्र मिळालं. आमचं लग्न नंतरचं. मला माहीत होतं ते एवढंच, आणि पाठीवरचे भाजल्याचे व्रण.

कर्वेनगरच्या घरी बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी हे चादर चाचपू लागले, भिंतीशी पुटपुटू लागले. मला वाटलं, भुलीचा अंमल असेल. मी गप्प बसले, तिथेच चुकलं. तुमच्या माणसाचं असं काही दिसलं तर लगेच सांगा.

तिसऱ्या दुपारी जेवणाची ट्रॉली दारावर धाडकन आदळली. हे सलाईन उपटून उठले. हातावरून रक्त ओघळत होतं. मी धरायला गेले तर मनगट पिरगाळून मला बाजूला भिरकावलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

शेजारच्या खाटेवर कसबा पेठेतले सय्यदभाई होते. बाइंडिंगचं दुकान, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. ह्यांनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना खाली खेचलं.

"हरीसिंग, निकल! गन घुमाओ! कोई गन घुमाओ!"

सय्यदभाई किंचाळत होते. तोंड लोखंडी कडेवर आपटून पुढचा दात पडला, पोटाचे टाके उसवले. सोडवायला आलेल्या ब्रदरच्या गळ्यावर ह्यांनी कोपर दाबून धरलं. त्याचे डोळे पांढरे झाले. चौघांनी मिळून ह्यांना आवरलं आणि हात खाटेला बांधले. त्या परवानगीच्या कागदावर मी डाव्या हाताने सही केली.

सय्यदभाईंचा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आजी, ते आजारी आहेत, कळतं मला. पण माझ्या वडिलांनी काय केलं होतं?"



डॉक्टरबाईंनी विचारलं, चष्मा आणि कानाचं मशीन कुठंय? ऑपरेशनसाठी काढलेलं, ड्रॉवरमध्येच पडलं होतं. "लावा. दिसेना-ऐकू येईना की भ्रम वाढतो. ते कुठे आहेत, कोणता वार आहे, त्यांना सांगत राहा." मी सांगत राहिले. हे शिव्या देत राहिले, माझ्या तोंडावर थुंकले. दोन दिवस.

मग एका सकाळी म्हणाले, "शांता, हाताला काय झालं?"

सिस्टरने मला डोळ्यांनी नको म्हटलं. मी सांगितलं, सगळं. हे म्हणाले, "मला त्यांच्याकडे ने."

सय्यदभाईंना दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. व्हीलचेअरवर बसून ह्यांनी हात जोडले.

"कर्नलसाहेब," ते पडलेल्या दाताच्या फटीतून म्हणाले, "आपण वाचवायला आला होतात का मारायला, तेच मला कळेना." आणि विचारलं, "हरीसिंग कोण?"

"माझ्या रणगाड्याचा ड्रायव्हर."

मग हे बोलले. ड्रायव्हर पुढे, खाली बसतो. त्याचं झाकण वेगळं असतं. तोफेची नळी नेमकी त्या झाकणावर आली होती, ते उघडेना. नळी फिरवायची ती आतून, तोफ चालवणाऱ्या गनरने. "आणि गनरला मी आधीच बाहेर काढला होता. तिसऱ्यांदा मला आत जाता आलं नाही. हरीसिंग आतून झाकण ठोकत होता. बराच वेळ."

सय्यदभाईंनी ह्यांचा हात हातात घेतला. निघताना त्यांचा मुलगा पुढे झाला. "द्या, खुर्ची मी ढकलतो. आजींचा हात मोडलाय."

आता हे वॉकर धरून चालतात. पुन्हा भ्रम झाला नाही. त्या डॉक्टरबाईंचे, ब्रदरचे आणि सय्यदभाईंच्या घरच्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्यासारखं कुणी खाटेपाशी बसलं असेल तर सांगते, भ्रमात माणूस बोलतो ते सगळंच बरळणं नसतं. ऐकून ठेवा.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांनी पदकाचंच विचारलं," हे म्हणाले. "रणगाड्यात चौघं असतात, हे माहीत असूनसुद्धा चौथ्याचं कुणी विचारलं नाही."