पहिला आवाज भागुबाईचा

मखमलाबादची भागुबाई गोदाघाटावर फुलं विकायची. माहेरी असताना तिनं कुणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं. भांडायला तिला घाटावर शेजारी बसणाऱ्या सिंधुबाईनं शिकवलं.

अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की टोपल्या जप्त व्हायच्या. म्हणून गाडी पुलापाशी वळताना दिसली, की एकीनं पुढं होऊन तिला आडवं जायचं, भांडण उकरून काढायचं. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी टोपल्या उचलून पायऱ्यांवरून खाली पसार व्हायचं. भागुबाईचा आवाज खणखणीत, म्हणून हे काम तिच्याकडं आलं. तिची स्वतःची टोपली हमखास जायची. मग गाडी गेल्यावर प्रत्येकीनं तिच्या रिकाम्या फडक्यावर ओंजळभर फुलं ओतायची, असं ठरलेलं होतं.

"नाव भागुबाई, पण वाघीण हाय आपली," सिंधुबाई म्हणायची. "काय गं, नवऱ्यालाबी असंच फाडती का?"

"त्याला काय फाडायचं? तो आधीच उसवलेला हाय."

दहाएक वर्षं असं चाललं. दोन हजार तीनच्या कुंभमेळ्याआधी घाट मोकळा करायचं ठरलं. फुलवाल्यांना थोडं पलीकडं पक्के ओटे मिळणार, अशी बातमी आली. नेमकी त्याच आठवड्यात झटापट झाली. टोपली ओढताना एक कर्मचारी पायरीवरून पडला आणि त्याचा हात मोडला. टोपली सिंधुबाईची होती, धक्काही तिचाच. गाडीपुढं उभ्या असलेल्या भागुबाईनं तो पाहिला होता.

ओट्यांच्या बैठकीत साहेबांनी आधी एवढंच विचारलं, "मारामारी कोण सुरू करतं? त्याला ओटा मिळणार नाही."

भागुबाईनं सिंधुबाईकडं पाहिलं. सिंधुबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि भागुबाईकडं बोट केलं.

"ही बघा, साहेब. भांडकुदळ हाय. आम्ही रोज सांगतो, गप बस म्हणून."

मग इतरांनाही शब्द सापडले. कुणी कजाग म्हणालं, कुणी कळलावी. गाडी आली की पहिला आवाज हिचाच असतो, असंही एकीनं सांगितलं. ते खोटं नव्हतं. धक्का कुणी दिला हे सांगायला भागुबाईला एक वाक्य पुरलं असतं. पण गाडीपुढं कधी न अडलेली तिची जीभ तिथं उचललीच नाही. ओटा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुबाई ओंजळभर शेवंती घेऊन आली, नेहमीसारखी.

"भांडकुदळ बाईला फुलं कशाला?" भागुबाईनं विचारलं.

"लागलं व्हय तुला?" सिंधुबाई खरोखरच चकित झाली. "अगं, साहेबाला कुणाचं तरी नाव पायजे व्हतं. आमाला वाटलं, तुला लोकांची बोलणी खायची सवय हाय."

भागुबाईनं फडकं झटकलं, त्याची घडी घातली आणि ती उठली.

पुढं ती अंबडला एका कारखान्याच्या फाटकाबाहेर बसू लागली. दसऱ्याला मशीनच्या पूजेसाठी तिथं हार बरे खपतात. अधूनमधून वॉचमन उठवतो. ती टोपली उचलते आणि काही न बोलता पलीकडं सरकते.

"मावशींचं एक बरं आहे," तो कामगारांना सांगतो, "कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. भांडण म्हणजे काय, ते माहीतच नसेल त्यांना."