सहाव्या वेळची शिट्टी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून असा एकही धडधाकट पुरुष उरलेला नसेल, ज्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या साडूंनी "वजन किती हाय रं तुझं?" असं विचारलेलं नाही. एसटीचा कंडक्टर, मंगल कार्यालयातला आचारी, मिरजेच्या दवाखान्यात त्यांचा रक्तदाब मोजणारा तरुण डॉक्टर, कोणीही यातून सुटलेला नाही. डॉक्टरने भाबडेपणाने खरं वजन सांगितलं आणि पुढच्या रविवारी हाफ पँटवर, गवतात तोंड खुपसून पडलेला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. उठल्यावर तो हसत होता, हे मात्र मान्य केलं पाहिजे. साडूंच्या तावडीत सापडलेली माणसं आधी पळून जायचा विचार करतात आणि मग, का कोण जाणे, दर रविवारी येत राहतात.

साडू फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. गाव विट्याजवळ, विहीर भरलेली, ऊस बरा. अशा माणसाने घरी येऊन मिशीला पीळ देत पारावर बसावं, ही गावाची साधी अपेक्षा. पण शांतिसेनेत परदेशी असताना तिथल्या सैनिकांकडून ते तेरा गड्यांची रग्बी शिकून आले होते. फौजेतली रग्बी पंधरा जणांची. साडूंचा हिशेब असा की, पंधरा माणसं आपल्याकडे लग्नाशिवाय एकत्र येत नाहीत, तेरा येतील. नियम त्यांनी पारावर उभं राहून दोन मिनिटांत सांगितले. बॉल काखेत धरून पळायचं, पास फक्त मागं द्यायचा, पलीकडच्या रेषेमागं बॉल जमिनीला टेकवला की गुण. समोरच्यांनी तुमच्या माणसाला पाडलं की उठून परत खेळायचं, पण सहाव्यांदा पाडलं की बॉल त्यांच्या हवाली. "म्हंजे कबड्डी आन् कुस्ती यांचं लगीन लावलंय म्हणा की," असं एक म्हातारा म्हणाला आणि गावाला खेळ समजला.

मैदान नव्हतं. साडूंनी विहिरीजवळचं स्वतःचं सगळ्यात चांगलं रान नांगरलं, सपाट केलं, त्यात गवत लावलं आणि दोन्ही टोकांना जुन्या लोखंडी पाइपांचे उंच खांब आडव्या दांड्यासह उभे केले. रस्त्याने जाणारे विचारायचे, "सुभेदार, मांडव कुनाच्या लग्नाचा?" माझी थोरली मेव्हणी दारात उभी राहून म्हणायची, "लोकांच्या रानात ऊस उभा ऱ्हातोय, आमच्या रानात मानसं आडवी पडत्यात." पण पहिल्या सामन्याला पन्नास माणसांचं पिठलं-भाकरी तिनेच केलं.

खेळ घरातही शिरला. एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याने जिलबीचं ताट पुढच्या वाढप्याच्या हातात दिलं, तेव्हा साडू पाटावरून ओरडले, "पास पुढं गेला!" वाढपी घाबरून ताट घेऊन मागे फिरला आणि आमच्या अख्ख्या रांगेला जिलबी मिळाली नाही. पुढे साडूंनी दरवर्षीची स्पर्धाच सुरू केली, आणि तिचं वेळापत्रक म्हणजे तर स्वतंत्र प्रकरण. विट्याची गलाईवाली मंडळी, म्हणजे देशभर सोनं गाळायची दुकानं चालवणारी, फक्त दिवाळीला आणि जत्रेला घरी. फौजी सुट्टीवर येतील तेव्हा. ऊसतोड सुरू झाली की गावातले अडकलेले. मिरज-सांगलीकडच्या संघात निम्मे मुसलमान, त्यांचे रोजे. साडू भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर लाल पेन्सिल घेऊन महिनाभर उभे राहायचे आणि सगळ्यांना चालेल असा एखादा रविवार खेचून काढायचे. एका वर्षी नेमका माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा रविवार निघाला. मी हात जोडले. "पावनं, दोनीबी हुत्याल," ते म्हणाले. दोन्ही झालं. फोटोत व्याह्यांच्या धाकट्या मुलाचा वरचा ओठ सुजलेला आहे.

चार संघांपासून सुरू झालेली ही स्पर्धा आज अकरा संघांवर गेली आहे. गेल्या वर्षी साडूंच्या मनात आलं की, हिचा इतिहास लिहून काढायचा. मी शाळामास्तर म्हणून निवृत्त, तेव्हा लेखणी माझी आणि हुकूम त्यांचा. सुरुवात अर्थातच पहिल्या अंतिम सामन्यापासून. साडूंचं गाव विरुद्ध माधवनगरच्या यंत्रमागांवर काम करणारे कामगार. पंच स्वतः साडू, आणि रेषेवर झेंडा घेऊन मी. शेवटच्या मिनिटापर्यंत माधवनगर पुढे होतं, मग आमच्या गड्याने रेषेमागे बॉल टेकवला आणि गाव जिंकलं. विजेत्यांची ढाल तेव्हापासून गावच्या तालमीत होती. लग्नाच्या शूटिंगवाल्याने त्या दिवसाची कॅसेट जपून ठेवली होती. तपशील चुकू नये म्हणून साडूंनी ती कॉम्प्युटरवर घालून घेतली आणि आम्ही दोघं बघायला बसलो.

शेवटचं मिनिट आलं. पडद्यासमोर साडू बोटांवर मोजत होते. आमचा गडी चौथ्यांदा पडला, पाचव्यांदा पडला, सहाव्यांदा पडला. शिट्टी वाजली नाही. गडी उठला, खेळ पुढे चालला, आणि त्याच चालीत बॉल टेकवला गेला.

साडूंनी ते सात वेळा पाहिलं. मग म्हणाले, "बॉल त्यांचा व्हता."

"मलाही तेव्हा शंका आली होती," मी बोलून गेलो.

"मग झेंडा वर का न्हाई केला?"

गाव मेव्हणीचं होतं आणि लोक नाचायला लागले होते, हे काही उत्तर नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तालमीत बैठक घेतली आणि ढाल खाली काढायला सांगितली. गाव खवळलं. "आवं सुभेदार, इतक्या वर्सांनी कशाला उकरताय?" "आमचं त्यातलं दोन गडी वारलं, त्यांची इज्जत काढता व्हय?" साडू म्हणाले, "त्यांनी चूक केली न्हाई. मी केली. इतिहासात माझंच नाव लिवणार हाय." ढाल काढायला कोणी पुढे झालं नाही. शेवटी सत्तरीकडे झुकलेला हा माणूस दुखऱ्या गुडघ्याने स्टुलावर चढला. स्टूल डगमगलं, तेव्हा ज्यांनी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता, त्यांनीच धावत जाऊन ते धरलं.

माधवनगरचा संघ आता नाही. बरेच माग बंद पडले, माणसं पांगली. कप्तान रफिकभाई मिरजेत गाद्या शिवण्याचं दुकान चालवतात. आम्ही ढाल चादरीत गुंडाळून एसटीने गेलो. साडूंनी दुकानाच्या दारात सावधान उभं राहून सगळं सांगितलं. रफिकभाई कापूस झटकत ऐकत होते.

"मला ठावं हाय, सुभेदारसाब. सहा झाले होते. मी मोजत होतो."

"मग बोललास का न्हाई रं?"

"तुम्हीच शिकवलं होतं न्हवं का? शिट्टी वाजंपर्यंत खेळ चालू. पंचाशी हुज्जत न्हाई." मग कापूस खाली ठेवून म्हणाले, "पोरं रडली त्या दिवशी. मी त्यांना गप केलं."

साडूंचा चेहरा मी त्यांच्या आईच्या मयतीलाही इतका उतरलेला पाहिला नव्हता. रफिकभाईंनी ढाल घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "एक काम करा. तुमच्या इतिहासात आमची तेराच्या तेरा नावं लिवा." मी वही उघडली. त्यांनी बारा नावं धडाधड सांगितली. तेराव्यापाशी मात्र अडले. सगळ्यात जोरात पळणारा, म्हणून त्याला सगळे बुलेट म्हणायचे. खरं नाव कधी कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या कोणी 'बुलेट' लिहून विषय संपवला असता. साडूंनी त्या नावासाठी अडीच महिने घालवले. माधवनगरच्या चहाच्या टपऱ्या झाल्या, जुने मुकादम झाले, इचलकरंजीला गेलेले कामगार झाले. मी कंटाळून म्हणालो, "एका नावाने काय अडतंय?" ते म्हणाले, "फालिनमधी, म्हंजे फौजेच्या रांगेत, एक मानूस कमी असला तर हजेरी पुरी हुती का?" शेवटी कुपवाडच्या एका गल्लीचा पत्ता मिळाला. बुलेट पाच वर्षांपूर्वी वारला होता. बायको तिथे लेकीजवळ राहत होती.

भर दुपारी आम्ही दारात उभे राहिलो. बाई मेथी निवडत होत्या. आम्ही कोण, कशाला आलो, हे ऐकताना त्यांच्या कपाळावर आठी पडली. "आमच्या ह्यांनी? खेळ? न्हाई वो, तुमचं घर चुकलंय. ते आपले मागावरनं घरी आन् घरनं मागावर." मग त्यांचा हात थांबला. "एकदा शर्ट फाडून आले व्हते खरं. सायकलवरनं पडलो म्हनले. चार दिवस खांदा शेकत व्हते मी."

"त्याच दिवशीचं हाय ते," साडू म्हणाले. "ताई, त्यांचं नाव पायजे मला."

बाईंनी पदर डोक्यावर ओढला, लेकीकडे बघून लाजल्यासारखं हसल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "महादेव." मग हळूच, "लय दिसांनी तोंडात आलं." मी लिहून घेतलं. तेरावं नाव.

"जिंकले व्हते का?" त्यांनी विचारलं.

"जिंकले व्हते."

"मग मला सांगितलं का न्हाई त्यांनी?"

साडू दारातच सावधान झाले. "त्या दिवशी त्यास्नी तुमी हारला असं मीच सांगितलं व्हतं, ताई. मी पंच व्हतो. माझी शिट्टी चुकली."

मला वाटलं, आता बाई रागावतील, आणि रागावल्या असत्या तरी आम्ही काय बोलणार होतो? त्यांनी मांडीवरची मेथी बाजूला सारली, लेकीला चहा ठेवायला सांगितला आणि साडूंसमोर सतरंजी पसरली.

"कसे पळायचे वो ते?" त्या म्हणाल्या. "बसा, आन् नीट सांगा मला."