पौड ते बांडुंग, मार्गे त्रिची

माझे साडू विमानात कधी बसले नाहीत, पण आग्नेय आशियातली विमानं त्यांच्या परवानगीशिवाय सुटत असतील यावर माझा विश्वास नाही. पौडच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. लोकांच्या भाषेत कंट्रोलर. खिडकीपलीकडे बसून कोळवणची गाडी, ताम्हिणीची गाडी, मुक्कामी गाडी यांच्या वेळा सांगायच्या आणि गाडीला उशीर झाला की लोकांची बोलणी खायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, कोळवण खोऱ्यातल्या. त्यांच्या अक्का थोरल्या, माझी सुमन धाकटी. ती त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजी म्हणू लागलो. ते मला मास्तर म्हणत, कारण मी पौडच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. भूगोल माझ्याकडे आणि जग त्यांच्याकडे अशी वाटणी कधी झाली ते मला कळलं नाही. त्याचा मला हेवा वाटे. सुमन जाऊन आता वर्ष होत आलं, तरी वाटतो.

सुरुवात स्टँडच्या एका बाकावर झाली. कोळवणकडे फार्महाऊस घेतलेल्या कुणा पुणेकराचं एक गुळगुळीत मासिक तिथं राहून गेलं होतं. पूर्वेकडच्या एका स्वस्त विमान कंपनीचं, विमानात समोरच्या सीटच्या खिशात ठेवतात तसलं. दाजींनी ते सापडलेली वस्तू म्हणून महिनाभर कपाटात सांभाळलं आणि मालक येत नाही असं पाहून मगच उघडलं. शेवटच्या पानांवर नकाशा होता. क्वालालंपूरपासून चहूकडे रेघा सुटलेल्या. दुसऱ्या कुणाला त्यात विमानं दिसली असती. दाजींना फेऱ्या दिसल्या. क्वालालंपूर म्हणजे स्वारगेट, बँकॉक म्हणजे शिवाजीनगर, हे त्यांनी बसल्या बैठकीला ठरवून टाकलं. कंपनी एकटी नव्हती. थोरली मलेशियात, तिची भावंडं थायलंडात आणि इंडोनेशियात. हे समजावून सांगायला मला फळा लागला असता. दाजींनी ते एका वाक्यात सांगितलं, "भावाभावांत वाटनी झालीया. चुली येगळ्या, पन बैलांवर झूल एकाच रंगाची." त्या कंपनीत त्यांना खोट एकच दिसली, ती म्हणजे एवढ्या समुद्रात कुठं एकही विनंती थांबा नाही.

पुढं फार्महाऊसवाले आणि लवासाच्या कामावरचे इंजिनिअर त्यांना ओळखू लागले. परदेशी जाऊन आलेला माणूस बाकी कुणाला काही आणो न आणो, दाजींना नवा अंक आणून देई. अंक आला की दाजी जुन्या नकाशाशेजारी नवा ठेवून कोणती रेघ वाढली, कोणती गेली ते बघत आणि जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांवर सगळं जाळं नव्यानं काढत. रेघ वाढली तर घरी गोड व्हायचं. रेघ गेली तर सुतक. एकदा सुमन बहिणीकडून परतली ती काळजीत. दाजी जेवले नाहीत म्हणाली. का, तर बोर्निओतल्या कुठल्या गावाची फेरी बंद झाली होती. मी हसलो. ती हसली नाही. दाजींनी तिला विचारलं होतं की आता त्या माणसांनी बाजाराला जायचं कसं, आणि तिला तो प्रश्न रास्त वाटला होता. बँकॉकहून आलेल्या एका इंजिनिअरला दाजींनी स्टँडवर सगळ्यांदेखत झापलं होतं, कारण तो मुंबईहून थेट गेला होता. रेल्वेनं कोलकात्याला जाऊन, पुढं दुसऱ्या कंपन्यांची दोन विमानं बदलून, चौथ्या दिवशी पोचायचा सुंदर मार्ग असताना थेट जाणं त्यांना उधळेपणाचं वाटलं.

मला हे सगळं गमतीचं वाटलं असतं, पण आमच्या घरातली भाषा बदलू लागली. दर रविवारी दुपारी सुमन बहिणीकडे जाई आणि भाकऱ्या थापताना कोटा किनाबालू, बंदा आचे, हात याई अशी नावं घोळवत बसे. पंचवीस वर्षं मी नकाशे, ॲटलास, प्रवासवर्णनं घरात आणली. ती पुसून, नीट रचून ठेवायची. तिनं मला एका गावाचं नाव कधी विचारलं नव्हतं. मी तिचे उच्चार सुधारायला गेलो तर म्हणाली, "अहो, दाजी असंच म्हणतात." म्हणजे त्या गावांची बारशी करायचा हक्कही दाजींचा. मी वर्गात जावा बेटावरच्या ज्वालामुखींबद्दल बोलत असताना शेवटच्या बाकावरची मुलं झोपलेली असत. तिकडे जेमतेम मॅट्रिक झालेले साडू तोंडात सुपारी धरून जावा सांगत आणि माझी बायको जेवणं खोळंबवून ऐके.

मग नकाशातली एक रेघ समुद्र ओलांडून हिंदुस्थानात उतरली, ती त्रिचीला. पुण्याला का नाही, या दुःखातून दाजी दोन दिवसांत सावरले आणि सुमनला म्हणाले, आता तुझं बांडुंग जमतंय. बांडुंग हे जावा बेटावरचं डोंगरातलं गाव. तिथं कोळवणसारखी उतरती भातखाचरं आहेत, एवढं तिनं मासिकातल्या एका चित्रात पाहिलं होतं. दुसऱ्या लोकांची भातं बघायची, एवढीच तिची इच्छा. देऊळ नको, समुद्र नको. दाजींनी मार्ग आखला. पौडहून स्वारगेट, पुण्याहून रेल्वेनं चेन्नई, तिथून त्रिची, त्रिचीहून क्वालालंपूर आणि तिथं पाऊण तासात बांडुंगची गाडी. ते विमानाला गाडीच म्हणत. मी, सुमन, अक्का आणि ते, अशी चौघांची नावं त्यांनी कागदाच्या डोक्यावर लिहिली होती. खर्च माझ्या आवाक्यातला होता, रजा शिल्लक होती. सुमननं मला इतकंच विचारलं, "जाऊया का?"

इथं पौडची एक रीत सांगायला हवी. पुण्याहून येणारी संध्याकाळची गाडी कितीही रखडली तरी दाजी कोळवणची शेवटची गाडी सोडत नसत. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, आतले प्रवासी शिव्या घालत. दाजी खिडकीतून शांतपणे म्हणत, "तुमची पोरगी त्या गाडीत असती, तर?" मग ड्रायव्हर इंजिन बंद करी. मागची गाडी आल्याशिवाय पुढची सुटत नाही, हे त्यांच्या दृष्टीनं सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. म्हणून त्रिचीचं विमान उशिरा पोचलं तर काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. थांबत्यात की, म्हणाले.

मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी सायबर कॅफेत गेलो आणि त्या कंपनीचे नियम छापून आणले. प्रत्येक उड्डाण स्वतंत्र, तिकीट स्वतंत्र. सामान बाहेर येऊन घ्यायचं, पुन्हा रांगेत लागून द्यायचं, आणि चुकलं तर चुकलं. कुणी कुणासाठी थांबणार नाही. पेपर तपासायच्या लाल शाईनं मी ओळी अधोरेखित केल्या आणि रविवारी साडूंच्या घरी, सुमन आणि अक्कांसमोर, वर्गात वाचावं तसं मराठी करून वाचून दाखवल्या. दाजींनी कागद हातात घेऊन लाल रेघा बघितल्या. मग म्हणाले, "कंट्रोलर न्हाई व्हय त्यांच्यात?" मी म्हणालो, कॉम्प्युटर असतो. अक्का चहा ठेवायला आत गेल्या. सुमननं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बांडुंगचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढलं नाही. मी जिंकलो होतो. परतताना मी खुशीत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली आणि दसऱ्याच्या आधी गेली.

दाजी आता निवृत्त झाले आहेत. नवे अंक कुणी आणून देत नाही, तरी जुने काढून बसतात. मी रविवारी दुपारी त्यांच्याकडे जातो. खरं सांगायचं तर हेव्यापोटीच जातो. सुमनची माझ्यापेक्षा जास्त वाक्यं त्यांच्याजवळ आहेत. घरात ती आमटीत मीठ पुरे का, छत्री घेतली का, असं बोलायची. ते सगळं माझ्याकडे आहे. पण तिला काय बघावंसं वाटे, कशाचं नवल वाटे, हे त्यांच्याकडे. आणि दाजी ते एकदम देत नाहीत. सहज, बोलता बोलता एखादं वाक्य निघतं. मी ते घरी येईपर्यंत मनात धरून ठेवतो.

गेल्या रविवारी मी त्यांना सांगितलं. क्वालालंपूरला एक दिवस मुक्काम धरला असता तर काहीच चुकणार नव्हतं. नियम वाचून दाखवत होतो तेव्हाच मला ते दिसत होतं, आणि मी बोललो नाही.

दाजींनी सुपारी कातरायची थांबवली नाही. "म्या दुसऱ्याच दिशी मुक्काम टाकून नवा कागद केला हुता, मास्तर," ते म्हणाले. "सुमनला दावला. म्हनली, ऱ्हाऊ द्या दाजी. त्यास्नी समजत न्हाई व्हय? सांगतील सोताहून."

आतून अक्कांच्या भांड्यांचा आवाज येत होता. दाजींना वाटलं असावं की आपण जास्त बोललो, कारण ते आपणहून दुसरं काही शोधू लागले. म्हणाले, तिचं एक इचारायचं ऱ्हाऊन गेलं. तितं लावनी कवा असती म्हनून मला इचारत हुती. मला कुटं ठावं? म्या म्हनलं, घरात भूगोलाचा मास्तर हाय, त्याला इचार. तर म्हनली, ते पेपर तपासत्यात.

मी त्यांना सांगितलं. बांडुंग विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथला पाऊस आपल्या उलट. आपल्याकडे पाऊस सरला की त्यांचा मोठा पाऊस सुरू होतो. मुख्य लावणी ते तेव्हा करतात, दिवाळीनंतर.

दाजींनी डोळे बारीक करून हिशेब जुळवला. "म्हंजे हितली कापनी उरकून निगाली असती," ते म्हणाले, "तर तितली लावनी गावली असती तिला."

"हो," मी म्हणालो. "चिखलात उभ्या बाया दिसल्या असत्या. तिनं लुगडं खोचून त्यांच्या लावणीला हात लावला असता."

"ती काय बांधावर बसनाऱ्यातली न्हवती," दाजी म्हणाले, आणि माझ्यापुढे सुपारी केली.