वजा बारा आणि उलटा सदरा

मंगळवारी सकाळी आमच्या पुंडलिकनगरच्या गच्चीवर वजा बारानं सौ.ला रडवलं... हो, वजा बारा. तो आकडाच.

सौ. यंदा बाहेरून दहावीला बसतेय. लग्न झालं आणि वैजापूरची शाळा नववीतच सुटली, आता नातवंडं मार्गी लागल्यावर एक दिवस म्हणाली, "माझं राहिलेलं करते." मराठी, इतिहास झकास जमतं. गणित मात्र डोळ्यांत पाणी आणतं.

त्या दिवशीचं गणित असं... दोन अवयव शोधा, त्यांचा गुणाकार वजा बारा आणि बेरीज एक. तिनं लिहिलं वजा तीन आणि वजा चार. वजाच्या घरातली लेकरं वजाच असणार, हा तिचा सरळ हिशेब. पण गुणाकार आला अधिक बारा. पुन्हा केला, पुन्हा तेच.

मी पडलो शाळेतल्या कवितांत रमणारा माणूस. म्हटलं, "अगं, ऋण संख्या म्हणजे शून्याच्या पैलतीरावरचं गाव. तिथं..."

"गाव राहू द्या. अवयव सांगा."

ते मला कुठं येतात! तिनं पुस्तक मिटलं. "नाय बसत मी पेपरला. लोक हसले तर हसू द्या." आणि बादली उचलून कपडे वाळत घालायला निघाली. मला फार लागलं ते... इतक्या वर्षांनी उघडलेलं पुस्तक असं मिटताना बघवेना.

मग मीही मदतीला उभा राहिलो. उन्हात रंग उडतो म्हणून आमच्याकडं कपडे उलटे करून वाळत घालतात. ती उलटे करून देई, मी दोरीवर टाकी. ओठांवर चौथीतली एक कविता, तीच जुनी चाल... आणि त्या नादात हातात आलेला सदरा मी पुन्हा उलटवत होतो.

"अहो! ध्यान कुठंय? मी उलटा केलेला परत कशाला उलटवता? दोघांनी उलटवल्यावर सुलटाच होणार ना तो! एकानंच उलटवायचा अस..."

आणि ती थांबली. माझ्या हातातला ओला सदरा टपटपत होता.

"एकानंच," ती हळूच म्हणाली. "व्हय की हो... मी दोन्ही वजा घेतले, म्हणून बारा सुलटे झाले. वजा एकच पाहिजे!"

तिथंच कठड्यावर ओल्या बोटानं तिनं लिहिलं... चार, वजा तीन. गुणाकार वजा बारा. बेरीज एक! उन्हानं आकडे लगेच वाळून गेले, तिनं ते परत लिहिले.

"मग आपल्या दोघांत वजा कोण?" मी विचारलं.

"ते पेपरात विचारणार नाय. विचारलंच तर पैकीच्या पैकी घेईन मी!"

पेपर पुढच्या महिन्यात, मुकुंदवाडीकडं. सोडायला मीच जाणार. तिची एकच अट आहे... वाटेत कविता म्हणायच्या नाहीत.

मी कबूल केलंय. संसारभर तिनं माझ्या कविता ऐकल्या, तेही स्वयंपाक करता करता... एक सकाळ मी तिचे पाढे ऐकेन.